काळ्या केसांवर बालायाज: पट्टे का दिसतात, केशरी का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीतल्या एका ताईंचं स्वतःचं छोटं पार्लर आहे. फॉइलचे हायलाइट्स व्यवस्थित जमतात, पण व्हिडिओ बघून शिकलेलं बालायाज, म्हणजे बटांवर मोकळ्या हाताने ब्रश फिरवून केस उजळणं, 'केलेलं' दिसतं. वर सुरुवातीची रेघ उठून दिसते, खाली पट्टे पडतात, रंग केशरी येतो आणि क्लायंट मोबाइलमधला ॲश, म्हणजे राखाडी झाकेच्या रंगाचा फोटो पुढे करते. कोणती ब्लीच पावडर घ्यायची, तिच्यात मिसळायचा डेव्हलपर (पेरॉक्साइड) किती व्हॉल्यूमचा, म्हणजे किती तीव्रतेचा आणि मेंदी लावणाऱ्या बायकांचं काय करायचं, असंही ताईंनी विचारलं आहे.

पावडरीकडे येतेच, पण आधी तो फोटो. निम्मी गडबड तिथे आहे.

बालायाज पॅरिसच्या सलॉनमध्ये १९७०च्या दशकात रुजलं. तिथल्या बायकांचे केस मुळात मध्यम तपकिरी किंवा त्याहून फिके, आणि आपल्या मानाने बारीक. गडदपणा मोजायला आपण १ (काळा) ते १० (सगळ्यात फिका) अशी जी लेव्हल वापरतो, तिच्यात त्या बऱ्याचदा ६-७ वर असतात. दोन-तीन लेव्हल उचलल्या की ९ वर पोचतात, तेही उघड्या हवेत, फॉइलशिवाय. आपली क्लायंट २ वर असते, फार तर ३ वर. तेवढंच काम तिच्या केसांवर केलं तर ती ५ वर येते आणि ५ म्हणजे तांबडट तपकिरी. तुम्ही ज्या व्हिडिओंवरून शिकलात त्यातलं डोकं आणि तुमच्या खुर्चीतलं डोकं, यांच्यात सुरुवातीलाच चार पायऱ्यांचं अंतर आहे. हात कितीही चांगला असला तरी ते अंतर ब्रशने भरून निघत नाही.

दुसरं म्हणजे, नैसर्गिक कशाला म्हणायचं? बालायाजचा सगळा दावा असतो की केस उन्हाने उजळल्यासारखे दिसतील. मग आपल्याकडचं ऊन आपल्या केसांचं काय करतं ते बघा ना. कोकणात दिवसभर किनाऱ्यावर हुंदडणाऱ्या पोरांचे केस बघा, शेतात राबणाऱ्या बाईच्या वेणीचं शेवटचं वीतभर टोक बघा. तांबूस होतं, तपकिरी होतं, कुठे सोनेरी झाक मारतं. राखाडी होत नाही. काळ्या केसातलं गडद रंगद्रव्य, युमेलॅनिन, तुटत जातं तसा खालचा तांबडा-केशरी उघडा पडतो; ऊन असो की ब्लीच, क्रम हाच. २-३ वर लालसर तपकिरी, ४ वर लाल, ५ वर लाल-केशरी, ६ वर केशरी, ७ वर केशरी-पिवळा, ८ वर पिवळा आणि ९ वर फिकट पिवळा. म्हणून माझं मत सरळ आहे: काळ्या केसांवर नैसर्गिक दिसणारा हायलाइट थोडा उबदारच असतो. कॅरॅमल, हेझलनट, मधाळ तपकिरी. गव्हाळ आणि सावळ्या रंगाला तो शोभतोही. ॲश बालायाज देखणं होऊ शकतं, मी करतेही, पण ते फॅशन म्हणून. क्लायंटला ॲशही हवं आणि 'कुणाला कळू नये' असंही हवं असेल, तर खुर्चीत बसवण्याआधी तिच्याशी नीट बोलून घ्या.

ॲशमध्ये आणखी एक मेख आहे. तो रंग स्वच्छ दिसायला केस किमान ८-९ पर्यंत उजळावे लागतात. लेव्हल २ वरून तिथे एका बैठकीत जायचं म्हणजे केसाचं नुकसान ठरलेलं. तो प्रवास महिन्यांचा अवकाश ठेवत दोन-तीन बैठकांचा आहे. आणि ६ वरच्या केशरी केसावर ॲश टोनर (उजळलेल्या केसाची झाक बदलणारा हलका रंग) थापला तर जो मातकट, शेवाळी रंग येतो तो तुम्ही पाहिला असेलच. चार-सहा आठवड्यांत टोनर धुऊन गेला की खालचं केशरी पुन्हा वर येतं, आणि क्लायंट म्हणते, तुमचा रंग टिकत नाही.

आता पट्टे. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं खरं दुखणं हे आहे.

फॉइल चांगलं जमणाऱ्या हाताला बालायाज अवघड जातं, आणि त्याला कारण आहे. फॉइलमध्ये आपण बट विणून, म्हणजे एकाआड एक केस उचलून काढतो आणि तिला वरपासून खालपर्यंत, पुढून-मागून पूर्ण भिजवतो. तीच सवय घेऊन बालायाज केलं की जाड भिजलेली पट्टी तयार होते. बालायाजमध्ये मधल्या लांबीवर पावडर फक्त बटेच्या वरच्या पृष्ठभागावर बसायला हवी. बट उलटून पाहिली तर मागची बाजू काळी राहिलेली दिसली पाहिजे. टोकाकडे येता येता मिश्रण हळूहळू आत उतरतं आणि शेवटच्या वीतभरात पुढून-मागून पूर्ण भिजवायचं. वर काळं, मध्ये काळं-उजळ मिसळलेलं, खाली उजळ: हा उतार केसाच्या जाडीतच तयार झाला की पट्टा दिसत नाही.

सुरुवातीची रेघ बहुतेक वेळा भरलेल्या ब्रशमुळे येते. वाडग्यातून ब्रश काढला आणि थेट वरच्या टोकाला टेकवला, की तिथेच सगळ्यात जास्त माल पडतो. क्रम उलटा करा. भरलेला ब्रश आधी बटेच्या खालच्या दोन तृतीयांशात, जिथे सगळ्यात उजळ हवं तिथे टेकवा. मग ब्रशवर जे उरलंय तेवढ्यानेच वर चढा, ब्रश उभा धरून, केसांना टेकेल न टेकेल इतक्या हलक्या हाताने. वर पोचेपर्यंत ब्रश जवळजवळ कोरडा झालेला असावा. टोकं सगळ्यात शेवटी. दुसऱ्या हाताने बट मात्र ताणून धरायची. सैल बटेवर ब्रश घसरतो आणि ठिपके पडतात. बटेखाली बोर्ड धरायला लाजू नका. हवेत, हातावर रंगवणं दिसायला छान, पण आपल्याकडच्या दाट, जड केसांवर बोर्डाशिवाय दाब सारखा पडत नाही.

बटेवर आकार काढायचा तो इंग्रजी व्ही अक्षराचा. दोन्ही कडांनी रंग वर चढतो, मध्ये खाली राहतो, म्हणजे मधोमध काळ्याचा एक त्रिकोण सुटतो. रुंद बटेवर दोन व्ही शेजारी शेजारी. आणि शेजारच्या बटेवर उंची बदला. एकीची सुरुवात गालाच्या हाडापाशी, तर दुसरीची हनुवटीपाशी, तिसरीची अजून बोटभर खाली. सगळ्या बटा एकाच उंचीवर सुरू झाल्या की डोक्याभोवती कडं दिसतं, मग प्रत्येक बट स्वतंत्रपणे कितीही सुरेख रंगवलेली असो.

भाग पाडताना आडवे सरळ पाडू नका, तिरके पाडा, पुढून मागे उतरणारे. आडव्या भागांच्या कडा एकावर एक बसतात आणि केस सुटे सोडले की पायऱ्या दिसतात. दोन रंगवलेल्या बटांमध्ये न रंगवलेला काळा केस भरपूर सोडा. नवशिक्यांना वाटतं, क्लायंटने पैसे दिलेत तर डोकंभर काम दिसलं पाहिजे. बालायाजमध्ये सोडलेला काळा केसच काम करत असतो. उजळ बट उजळ दिसते ती शेजारच्या काळ्यामुळे. मानेवरचा सगळ्यात खालचा थर मी सहसा पूर्ण सोडते किंवा फक्त टोकं उजळते.

आपल्या दाट केसांसाठी आणखी एक युक्ती फार कामाची आहे: रंगवण्याआधी बट मुळाकडे उलटी विंचरायची. कंगव्याने दोन-तीनदा मागे ढकलली की लहान-मोठे केस वर जमा होतात आणि उरलेल्या विरळ बटेवर पावडर लागते. धुतल्यावर ते जमा झालेले काळे केस पुन्हा खाली येतात आणि सुरुवात आपोआप धूसर होते. गुंता मात्र धुताना, कंडिशनर लावून, बोटांनी सोडवायचा. सुक्यात ओढलात तर उजळलेला केस तिथेच तुटेल.

एक गोष्ट व्हिडिओंमध्ये सापडत नाही, कारण ते केस मोकळेच सोडलेले असतात. आपली क्लायंट केस बांधते. वेणी घालते, क्लचर लावते, अंबाडा घालते, लोकलला किंवा बसला जाताना उंच पोनी बांधते. म्हणून मी आधी विचारते, रोज भांग कुठे पडतो आणि केस कसे बांधता. भाग पाडण्यापूर्वी तसे बांधून बघते. उंच पोनीत मानेकडचे केस वर जातात आणि खालच्या बटांची सुरुवात सगळ्यांच्या नजरेत येते, तिथे ती फारच खाली घ्यावी लागते. लांब वेणीत जाड पट्टे असतील तर प्रत्येक पेडात रंग आळीपाळीने येऊन वेणी चट्ट्यापट्ट्यांची दिसते. रोज वेणी घालणारीला बारीक आणि जास्त बटा, मोकळे सोडणारीला रुंद आणि कमी. भांग मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना अगदी सारखं करायचा मोह होतो. एक बाजू किंचित जड ठेवा, ऊन काही दोन्हीकडे मोजून पडत नाही.

चेहऱ्याजवळच्या बटा शेवटी घ्या. कपाळाच्या कडेचे केस बारीक असतात, झपाट्याने उजळतात; आधी घेतले तर मागचं होईपर्यंत ते पार पुढे गेलेले असतात. दोन्ही बाजूंना अर्ध्या बोटाएवढ्या बारीक बटा पुरतात. चेहऱ्याभोवतीच्या या उजळ चौकटीला सध्या फार मागणी आहे आणि जाड करून मागतात, पण नैसर्गिक हवं असेल तर तिथेच हात सगळ्यात हलका हवा.

आता पावडर. बालायाजसाठी मातीचा, म्हणजे केओलिनचा आधार असलेली पावडर मिळते. डब्यावर 'क्ले' असं असतं. मिश्रण घट्ट होतं, केसावर जिथे लावाल तिथेच बसतं, वरून पापुद्रा धरतं पण आत ओलं राहतं. हवेत काम करायचं तर हीच हवी. फॉइलमध्ये घालायचं असेल तर साधी क्रीमी होणारी पावडर बरी, कारण मातीवाल्या बऱ्याच पावडरी उष्णतेसाठी नसतात. डब्यावरच्या सूचना वाचा. प्रमाणही डब्यावरचंच, अंदाजपंचे नको. मिश्रण श्रीखंडाएवढं घट्ट हवं: ब्रश उलटा केला तरी गळू नये, पण ओढलं की रेषा न तुटता पसरावं. पातळ झालं तर ते खालच्या काळ्या केसावर उतरतं आणि तुम्ही न रंगवलेल्या जागी डाग पडतात. प्रत्येक बटेखाली कापूस किंवा क्लिंग फिल्म घालणंही त्याचसाठी. आणि एकदम मोठा वाडगा कालवून ठेवू नका. पेरॉक्साइड मिसळल्यापासून मिश्रणाची ताकद उतरत जाते, म्हणून थोडं थोडं, ताजं.

डेव्हलपर २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. ४० ला मी पावडरीबरोबर हात लावत नाही. सुरुवातीला तो झरझर उचलतो, पण केसाचा वरचा थर उचकटतो आणि रंग एकसारखा येत नाही. निरोगी, कधीच काही न लावलेल्या केसावर, उघड्या हवेत, मधल्या लांबीला ३० चालतो. फॉइलमध्ये, फिल्मखाली, टोकांना आणि चेहऱ्याजवळ २०. २० सावकाश उचलतो, पण शेवटी पोचतो जवळपास तिथेच, आणि दाट केस रंगवायला लागणारा वेळ हाताला देतो.

तुम्ही 'केशरीवर अडकतं' म्हणता, त्याचं एक कारण छतावर फिरत असेल. पंखा. मिश्रण पूर्ण वाळलं की काम थांबतं, मग तासभर ठेवा नाहीतर दोन तास. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली उघडं बालायाज म्हणजे ५ वर अडकणं आलंच. एसीची हवाही वाळवते. उपाय म्हणजे बट हाताने रंगवा, पण वर क्लिंग फिल्म घाला किंवा खालचा उजळ भाग फॉइलमध्ये सैल गुंडाळा. हाताने रंगवून फॉइलमध्ये झाकणं ही काही फसवाफसवी नव्हे. लेव्हल २ वरून ६-७ गाठायचं तर मला ती पद्धत उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त विश्वासाची वाटते. धूसरपणा ब्रशने येतो, उचल फॉइलने. फक्त वरचा पिसासारखा भाग फॉइलच्या बाहेर राहू द्या, नाहीतर फॉइलच्या कडेची रेघ उमटेल. वरून ड्रायरची उष्णता देऊ नका.

दर दहा मिनिटांनी एखादी बट पुसून बघा, ओल्या कापसाने, उजेडात. ओला केस सुक्यापेक्षा गडद दिसतो हे धरून चला. डब्यावर दिलेल्या कमाल वेळेच्या पुढे जायचं नाही. हवा तेवढा उजळला नसेल तर थांबा आणि क्लायंटला दुसरी तारीख द्या. 'अजून दहा मिनिटं' या वाक्याने जितके केस तुटले असतील तितके चुकीच्या पावडरीने तुटले नसतील.

टोनरमध्ये पार्लरमधली नेहमीची गल्लत म्हणजे केशरी केसाला जांभळा शॅम्पू. जांभळा पिवळ्याला मारतो. केशरीला निळा लागतो आणि लालला हिरवा. ६ वर आणून ठेवलेल्या केसावर जांभळं कितीही घासलं तरी ढिम्म हलणार नाही. ६-७ ला माझा कल असा: केशरी पूर्ण मारायचा नाही, त्याची धग कमी करायची. त्याच लेव्हलचा बेज किंवा बेज-सोनेरी डेमी-परमनंट (हळूहळू धुऊन जाणारा) टोनर, त्यात निळसर ॲशची थोडी मात्रा, ५ ते १० व्हॉल्यूमवर, टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसावर. नंबर मुद्दाम देत नाही, कारण दशांशानंतरचा आकडा प्रत्येक कंपनीत वेगळा रंग सांगतो. एका कंपनीची ॲश निळी, दुसरीची हिरवट. तुमच्या कंपनीचा तक्ता बघा. टोनर आधी मधल्या भागाला, टोकांना शेवटची काही मिनिटं. टोकं सच्छिद्र झालेली असतात, ती रंग गटागटा पितात आणि राखाडी-हिरवट होतात. टोनरमध्ये रंगाचे रेणू असतात, म्हणून कानामागे ४८ तास आधी ॲलर्जीची चाचणी.

आधीच पट्टे पडलेली क्लायंट आली तर पुन्हा ब्लीच घेऊ नका. तिच्या मूळ रंगापेक्षा एखादी लेव्हल फिका, ३-४ चा डेमी रंग, पट्ट्यांच्या सुरुवातीपासून दोन-चार बोटं खाली ब्रशने ओढत न्या आणि खालची कड बोटांनी पुसून धूसर करा. अधूनमधून एखादी संपूर्ण बट त्याच रंगाने पुन्हा गडद करा. बऱ्याच बिघडलेल्या बालायाजला उजेड नको असतो, सावली हवी असते.

आता मेंदी. आपल्याकडे हा प्रश्न टाळताच येत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १५. कमरेपर्यंतच्या ७५ सेंटिमीटर केसाचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. क्लायंट म्हणते, 'मी मेंदी कधीच सोडली', आणि ती खरंच बोलत असते, दोन वर्षांपूर्वी सोडलेली असते. म्हणजे मुळापासून ३० सेंटिमीटर स्वच्छ, आणि तुम्हाला जिथे सगळ्यात उजळ हवं तिथे, नेमकी टोकाला, मेंदी. म्हणून 'काही लावता का' असं विचारू नका. 'गेल्या पाच वर्षांत केसांना काय काय लावलं, घरी सुद्धा' असं विचारा.

शुद्ध मेंदीतला लॉसोन केसातल्या केराटिनला चिकटतो; ब्लीचने उजळतो, पण तांबड्या-केशरीवर हटून बसतो. मेंदीवर नीळ (इंडिगोची पूड) लावलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवी झाक येऊ शकते. 'काळी मेहंदी' म्हणून मिळणारी बरीच पाकिटं मुळात मेंदी नसतातच. त्यात पीपीडी हा डाय असतो आणि तो वर्षानुवर्षं थरावर थर बसलेला असतो. सगळ्यात धोकादायक म्हणजे धातूंचे क्षार असलेले रंग. पेरॉक्साइड लागलं की केस तापतो, धूर येतो, तुटतो. शंका असेल तर कानाखालची किंवा मानेवरची बारीक बट कापून वाटीत घ्या: साधारण ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, त्यात २८ टक्के अमोनियाचे २० थेंब, अर्धा तास. गरम झालं, फेस आला, रंग झटकन बदलला, तर त्या केसाला ब्लीच नाही. काहीच झालं नाही तर दुसऱ्या बटेवर तुमच्या मिश्रणाची चाचणी घ्या, धुवा आणि ओली असताना हलकेच ताणा. चांगला ओला केस थोडा लांबतो आणि परत जागेवर येतो. चिकट रबरासारखा लांबतच गेला तर थांबा.

रीबॉन्डिंग (रसायनाने कायमचे सरळ) केलेल्या केसालाही मी ब्लीच लावत नाही. त्याचे बंध एकदा तोडून पुन्हा बांधलेले असतात. नवीन वाढ पुरेशी झाली असेल तर तेवढ्यावर काम करा किंवा रीबॉन्डिंगचा भाग कापला जाईपर्यंत वाट बघा. आजकाल ब्लीचमध्ये मिसळायची बंध जपणारी द्रव्यं मिळतात. ती मदत करतात, कवच मात्र देत नाहीत.

केस पांढरे व्हायला सुरुवात झालेल्या आणि दर तीन आठवड्यांनी काळा डाय लावणाऱ्या बायकांना बालायाज फार छान मोकळं करतं, कारण उजळ बटांमध्ये पांढरे केस मिसळून जातात. पण जुना काळा डाय एकसारखा सुटत नाही, मध्ये लाल पट्टा राहतो. तिथे एका बैठकीचं वचन देऊ नका.

आणि तुमच्याबद्दल. पावडरीची धूळ छातीत जाते. ब्लीच पावडरीतल्या पर्सल्फेट क्षारांमुळे केशकर्मींना होणारा दमा नीट नोंदलेला आहे. लहान खोलीत खिडकी उघडून, धूळ न उडणारी पावडर घेऊन, हातमोजे घालून कालवा. उरलेलं मिश्रण झाकणबंद बाटलीत ठेवू नका, वायू साठून ती फुटते.

पाण्याबद्दल क्लायंटला आधीच विचारा. बोअरचं पाणी असेल तर केसावर कॅल्शियम, लोह साठतं. टोनर लवकर उतरतो, रंग पितळी होतो, आणि लोह-तांब्याची पेरॉक्साइडशी झटापटही होते. अशा क्लायंटला ब्लीचच्या आधी क्षार काढणाऱ्या शॅम्पूने धुऊन, पूर्ण वाळवून मगच सुरुवात. घरी महिन्यातून एकदा तोच शॅम्पू पुरे.

तेल बंद करायला सांगू नका, खोबरेल तर मुळीच नाही. मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसातून प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसातही. धुण्याआधी रात्री किंवा तासभर आधी टोकांना लावायला सांगा. फक्त रंग करायला येताना चप्प तेल लावून येऊ नका, हेही सांगा. तशा क्लायंट अजून येतात.

लग्नसराईसाठी: उजळलेला केस सच्छिद्र असतो आणि हळद त्याला धरते. नवरीचं बालायाज असेल तर हळदीच्या आधी टोकांना खोबरेल लावून केस उंच बांधायला, वरून कापड गुंडाळायला सांगा. रंगपंचमीलाही तेच. काम लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी करा, म्हणजे टोनर बसतो आणि काही दुरुस्ती लागलीच तर वेळ राहतो.

पुढच्या खेपेला क्लायंट सहा महिन्यांनीही येऊ शकते, मुळांची रेघ नसल्याने ते चालतं. मधे दोन महिन्यांनी नुसता टोनर. दुसऱ्या बैठकीत जुन्या उजळ टोकांना पुन्हा पावडर लावू नका. मागच्या वेळी सोडलेल्या काळ्या केसातून नव्या बारीक बटा घ्या, आणि मागची टोकं कंडिशनर लावून फिल्मखाली झाकून ठेवा.